पाऱ्याच्या खाणीशेजारचे सरोवर : क्लिअर लेकची भूरचना आणि प्रदूषण यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरच्या अनेक मराठी घरांतली मुले-मुली आज सॅन होजे, फ्रीमाँट या भागांत नोकरी करतात. त्यांच्याकडे राहायला गेलेल्या आई-वडिलांना सुट्टीच्या दिवशी हमखास दाखवल्या जाणाऱ्या ठिकाणांपैकी उत्तर कॅलिफोर्नियातले क्लिअर लेक हे एक आहे. तिथे ‘मासे खाण्यापूर्वी ही सूचना वाचा’ असे फलक दिसतात, जवळच पाऱ्याची जुनी खाण असल्याचे कळते, आणि मंडळी इंदूरला परतली की रामबाग, राजेंद्र नगर, सुदामा नगर इथल्या भूशास्त्रावरच्या व्याख्यानांनंतर त्याविषयी प्रश्न विचारतात. त्या प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. बहुतेक प्रश्न प्रदूषणापासून सुरू होतात. मी मात्र उत्तर जमिनीपासून सुरू करतो, कारण या सरोवराच्या काठावर पाऱ्याची खाण असणे हा योगायोग नाही. ज्या भूगर्भीय हालचालींनी सरोवराला जागा करून दिली, त्यांनीच पाराही वर आणला आहे.

हे सरोवर नेमके कुठे आहे आणि केवढे आहे?

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेस मोटारीने अडीच-तीन तासांच्या अंतरावर, पॅसिफिक किनाऱ्याला समांतर जाणाऱ्या ‘कोस्ट रेंजेस’ या डोंगररांगांमध्ये, लेक काउंटी या जिल्ह्यात ते आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ४०० मीटर असून क्षेत्रफळ १७५ चौरस किलोमीटरांच्या आसपास आहे. टाहो सरोवराचा काही भाग नेवाडा राज्यात जात असल्यामुळे, संपूर्णपणे कॅलिफोर्नियात असलेले सर्वांत मोठे नैसर्गिक गोड्या पाण्याचे सरोवर हेच ठरते. विस्ताराच्या मानाने ते उथळ आहे : सरासरी खोली सुमारे आठ मीटर, आणि सर्वांत खोल जागी साधारण अठरा मीटर.

त्याचे तीन भाग आहेत. वायव्येकडचा ‘अप्पर आर्म’ मोठा, गोलसर आणि उथळ आहे. आग्नेयेकडे ‘लोअर आर्म’ आणि पूर्वेकडे ‘ओक्स आर्म’ असे दोन अरुंद फाटे गेले आहेत. ओक्स आर्मच्या टोकाला ‘सल्फर बँक’ ही खाण आहे. पुढच्या बहुतेक उत्तरांत हा पूर्वेकडचा फाटा येणार असल्यामुळे त्याची जागा लक्षात ठेवावी.

सरोवर तयार कसे झाले?

पॅसिफिक आणि उत्तर अमेरिकी हे दोन भूपट्ट एकमेकांना घासून सरकतात, त्या सीमेवर सॅन अँड्रियास ही प्रसिद्ध भ्रंशरेषा, म्हणजे खडक तुटून सरकल्याची मोठी भेग, आहे. ही सीमा म्हणजे एकच रेष नव्हे. उत्तर कॅलिफोर्नियात तिच्या पूर्वेला तिच्याशी साधारण समांतर असे आणखी भ्रंश आहेत. क्लिअर लेकच्या पश्चिमेस माकामा आणि ईशान्येस बार्टलेट स्प्रिंग्ज हे त्यांतले मोठे. अशा समांतर भ्रंशांमधले भूकवच जिथे ताणले जाते, तिथे जमिनीचे तुकडे खाली बसतात, कलतात, आणि खोलगट भाग निर्माण होतो. क्लिअर लेकचे पाणी अशाच खचलेल्या खोऱ्यात साठले आहे.

खोऱ्याच्या तळाशी ‘फ्रान्सिस्कन’ नावाने ओळखला जाणारा जुन्या सागरी खडकांचा समूह आहे. महासागराचा तळ खंडाखाली जाताना त्यावरचे वालुकाश्म, शेल (चिखलाचा खडक), चर्ट (सिलिकाचा कठीण खडक) आणि ज्वालामुखी खडक खरवडले जाऊन, चुरगळून खंडाच्या कडेला चिकटले. मधूनमधून हिरवट, निसरडा सर्पेंटाइन खडकही सापडतो. मालवा पठारावर लाव्ह्याचे थर एकावर एक आडवे रचलेले पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना हा खडक पाहिल्यावर कुठला थर कुठून आला याचा मेळ लावणे जड जाते. तिथे काम करणाऱ्या भूशास्त्रज्ञांचीही हीच अडचण असते.

या खडकांवर गेल्या सुमारे वीस लाख वर्षांत ज्वालामुखीचे थर चढले. सरोवराच्या दक्षिण काठावरचा माउंट कोनोक्टी हा १,३०० मीटरांहून थोडा उंच डोंगर त्यातलाच आहे. पाण्याच्या पातळीपासून तो जवळजवळ ९०० मीटर वर उठतो, आणि सरोवराचे जे छायाचित्र बहुतेक जण घेऊन येतात त्यात तोच असतो. सरोवराचे पाणी बाहेर पडण्याचा मार्गही पूर्वी वेगळा होता. एके काळी ते पश्चिमेकडे रशियन नदीला मिळत असे. दरड कोसळून ती वाट बंद झाल्यावर पाणी चढले आणि आग्नेयेकडून कॅश क्रीकमार्गे सॅक्रामेंटोच्या खोऱ्याकडे वळले. हा बदल महत्त्वाचा आहे, कारण आज सरोवरातून वाहून जाणारा पारा याच वाटेने खाली जातो.

लाखो वर्षांचे सरोवर गाळाने भरून कसे गेले नाही?

हा प्रश्न फार चांगला आहे. साधारणपणे सरोवर ही अल्पायुषी गोष्ट असते; नद्या गाळ आणतात आणि काही हजार वर्षांत त्याची दलदल होते. क्लिअर लेकमध्ये गाळ पडतो तसतसा खोऱ्याचा तळही भ्रंशांमुळे खाली बसत जातो, त्यामुळे उथळ असूनही ते टिकून आहे. तळाच्या गाळात सुमारे ४,८०,००० वर्षांची जवळपास अखंड नोंद सापडते, आणि म्हणून उत्तर अमेरिकेतल्या सर्वांत जुन्या सरोवरांत त्याची गणना होते.

अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याने १९७३ मध्ये आणि पुन्हा १९८० मध्ये तळात नळ्या घालून गाळाचे स्तंभ काढले. १९७३ च्या स्तंभांपैकी सर्वांत लांब ११५ मीटरचा होता आणि त्यात सुमारे १,३०,००० वर्षांचा काळ सामावला होता. त्यातले परागकण मोजले असता उबदार काळात ओकचे आणि थंड काळात पाइनचे प्रमाण वाढलेले दिसले, म्हणजे शेवटच्या हिमयुगाचा सगळा चढउतार या चिखलात लिहिलेला निघाला. असा गाळ ज्या सरोवरात आहे, तिथे खाणीपूर्वी पारा किती होता आणि नंतर किती झाला, हेही थर पाहून सांगता येते.

मग हे आपल्या लोणारसारखे म्हणायचे का?

नाही. लोणारचे विवर उल्कापाताने बसाल्ट खडकात झाले आहे, त्याला बाहेर पडणारी नदी नाही आणि पाणी खारट व अल्कधर्मी आहे. क्लिअर लेक भूकवच खचून तयार झाले असून त्याचे पाणी वाहते आणि गोडे आहे.

तिथला ज्वालामुखी जिवंत आहे का?

क्लिअर लेक ज्वालामुखी क्षेत्रात शेवटचे उद्रेक सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी झाले. भूशास्त्राच्या मापाने हा काल-परवाचा काळ आहे, म्हणून अमेरिकेचे भूगर्भ सर्वेक्षण खाते या क्षेत्रावर लक्ष ठेवून असते. खोलवर अजूनही तप्त शिलारस आहे. त्याच्या उष्णतेवर सरोवराच्या नैर्ऋत्येला ‘द गीझर्स’ हा जगातला सर्वांत मोठा भू-औष्णिक वीजप्रकल्प समूह चालतो. पर्यटकांनी घाबरण्याचे कारण नाही. पण खाणीचा प्रश्न समजून घ्यायचा असेल तर खालची ही उष्णता विसरता येत नाही.

पारा तिथे आला कुठून?

सल्फर बँक इथे चाळीस-पंचेचाळीस हजार वर्षांपूर्वी अँडेसाइट या प्रकारच्या लाव्ह्याचा एक लहान प्रवाह जुन्या सरोवरी गाळावर पसरला. त्याखालच्या भ्रंशांतून गरम पाणी आणि वायू वर येत राहिले आणि आजही येत आहेत. कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि सडक्या अंड्यासारख्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड हे त्यांतले प्रमुख वायू आहेत. खोलवरच्या खडकांतून हे पाणी वर येताना आपल्याबरोबर विरघळलेला पारा घेऊन येते. पृष्ठभागाजवळ पाणी निवते, दाब कमी होतो, आणि पाऱ्याचा गंधकाशी संयोग होऊन लाल रंगाचा हिंगूळ खडकाच्या भेगांत साचतो. आयुर्वेदातल्या रसशास्त्राची ओळख असलेल्यांना हिंगूळ आणि पारा यांचे नाते सांगायला नको.

या जागेची उभी रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. भूजल पातळीच्या वर, जिथे हवा पोहोचते, तिथे हायड्रोजन सल्फाइडचे ऑक्सिडीकरण होऊन पिवळा गंधक आणि गंधकाम्ल तयार झाले. त्या आम्लाने अँडेसाइटमधली लोह, मॅग्नेशियम, कॅल्शियम यांसारखी द्रव्ये धुऊन नेली आणि मागे पांढरा, ठिसूळ, बव्हंशी सिलिकाचा सांगाडा राहिला. म्हणून वर पांढरा खडक आणि गंधक, आणि त्याखाली हिंगूळ, असा क्रम तिथे मिळाला. माणसानेही त्याच क्रमाने खणले : आधी गंधक, मग पारा.

हे झरे वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांसारखेच आहेत का?

गरम पाणी आणि वास यांमुळे तसे वाटणे साहजिक आहे, पण उष्णतेचा स्रोत वेगळा आहे. वज्रेश्वरी काय किंवा जळगाव जिल्ह्यातले उनपदेव काय, तिथे पावसाचे पाणी भेगांतून खूप खोल जाते, खोलीमुळे तापते आणि दुसऱ्या वाटेने वर येते. खाली शिलारस नाही. दख्खनचे लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे असून केव्हाच थंड झाले आहेत. सल्फर बँकला मात्र खाली तरुण ज्वालामुखी क्षेत्राची ऊब आहे, पाणी गंधकयुक्त वायूंनी भरलेले आहे आणि आजूबाजूच्या सागरी खडकांत पारा आहे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच अशा प्रकारचा साठा बनतो.

खाण केव्हा चालली आणि एवढा पारा कशाला हवा होता?

१८६५ ते १८६८ या काळात इथे गंधक काढला गेला. खोल जाताना त्यात हिंगूळ मिसळू लागला, आणि १८७३ पासून पाऱ्यासाठी खाणकाम सुरू झाले. मध्ये खंड पडत ते १९५७ पर्यंत चालले. कॅलिफोर्नियात सोने आणि नेवाडात चांदी निघत होती, आणि दळलेल्या धातुकातून सोने-चांदी वेगळी करण्यासाठी पारा वापरत. पुढे स्फोटकांच्या टोप्या, उपकरणे, रसायने यांसाठी मागणी राहिली.

हिंगूळ भट्टीत तापवला की गंधक जळून जातो आणि पाऱ्याची वाफ होते. ती थंड केली की पारा मिळतो. भट्टीतून निघालेला भाजका दगड आणि खणताना बाजूला टाकलेला निकामी दगड, दोन्ही शेजारीच टाकले जात. सुरुवातीचे खोदकाम जमिनीखाली होते. गरम पाणी आणि गुदमरवणारे वायू अंगावर घेत ते मोठ्या प्रमाणात चिनी मजुरांनी केले, आणि त्यांची नावे कुठे फारशी लिहिली गेली नाहीत. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून उघड्या खड्ड्याची पद्धत आणि माती ढकलणारी अवजड यंत्रे आली. उरलेला दगड सरळ सरोवराच्या काठावर आणि काही ठिकाणी पाण्यात ढकलला गेला.

पारा निसर्गतःच वर येत होता, तर खाणीला दोष का द्यायचा?

चर्चेत सर्वांत जास्त वेळा येणारा हा प्रश्न आहे आणि त्यात तथ्यही आहे. झरे खाणीआधी हजारो वर्षे पारा आणत होते. परंतु जमिनीखाली, प्राणवायूपासून दूर, गंधकाशी घट्ट बांधलेला हिंगूळ पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तो तिथे आहे, एवढेच. तो कुणाच्या शरीरात जात नाही. खाणीने तोच दगड फोडला, भाजला, त्याचे पृष्ठफळ अनेक पटींनी वाढवले, त्याला पाऊस आणि हवा दिली, आणि पाण्याच्या कडेला त्याचे ढीग रचले.

याचा पुरावा गाळात आहे. ओक्स आर्ममधल्या गाळाच्या स्तंभांत खाणीपूर्वीच्या थरांत पाऱ्याचे प्रमाण कमी आहे. १९२७ च्या सुमारास, म्हणजे अवजड यंत्रे आली त्या सुमारास, ते एकदम उसळते. शिवाय खाणीपासून दूर जावे तसतसे प्रमाण घटत जाते. पारा जर सरोवरभर तळातून सारखाच झिरपत असता, तर त्याचा उतार असा खाणीकडे बोट दाखवणारा आला नसता. खाणीतून सरोवराच्या तळाशी गेलेला पारा सुमारे १०० टन असावा, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

माझे मत स्पष्ट आहे. निसर्गाने पारा इथे आणला हे कारण पुढे करून जबाबदारी टाळता येत नाही. उलट, जिथे जमीनच इतकी नाजूक आहे तिथे खणणाऱ्याची जबाबदारी वाढते.

खाण बंद आहे, मग आज पारा सरोवरात जातो कसा?

खाणीचा उघडा खड्डा आता पाण्याने भरलेला आहे. त्याला ‘हर्मन इम्पाउंडमेंट’ म्हणतात. क्षेत्र सुमारे नऊ हेक्टर, खोली साधारण सत्तावीस मीटर. खालून उष्ण झऱ्यांचे पाणी आणि वायू येत असल्यामुळे त्यात बुडबुडे दिसतात आणि पाण्याचा सामू (पीएच) तीनच्या आसपास, म्हणजे तीव्र आम्ल आहे. खड्डा सरोवरापासून सव्वादोनशे-अडीचशे मीटरांवर आहे आणि त्याची पातळी सरोवराच्या पातळीपेक्षा काही मीटर वर असते. या दोहोंमध्ये पक्का खडक नाही, खाणीतल्या टाकाऊ दगडांचा बांध आहे. उंचावरचे पाणी त्यातून झिरपत जाते, वाटेत दगडातले गंधकयुक्त खनिज विरघळवते, आणि अॅल्युमिनियम, लोह, सल्फेट व पारा घेऊन सरोवराच्या तळाशी बाहेर पडते.

पुढे जे घडते ते संशोधकांनी काठाजवळ प्रत्यक्ष पाहिले आहे. आम्लधर्मी पाझर सरोवराच्या किंचित अल्कधर्मी पाण्याला भेटताच त्यातले अॅल्युमिनियम आणि सिलिका एकत्र येऊन पांढरे, भुरभुरीत, नासलेल्या दुधासारखे पुंजके तयार होतात आणि तळावर साचतात. ही साय दिसायला निरुपद्रवी आहे, पण तिच्यात पाऱ्याचे सर्वांत घातक रूप, म्हणजे मिथाइल पारा, भरपूर प्रमाणात आढळला. कारण असे की ऑक्सिजन नसलेल्या गाळातले जिवाणू सल्फेटवर जगतात आणि ते जगताना साध्या पाऱ्याचे मिथाइल पाऱ्यात रूपांतर करतात. खाणीचा पाझर त्यांना पारा आणि सल्फेट दोन्ही एकाच वेळी पुरवतो. पारा कुठे किती आहे एवढेच मोजणे म्हणूनच पुरेसे नसते. तो कोणत्या रूपात आहे आणि त्याच्याबरोबर कोणते रसायन वाहते, हे पाहावे लागते.

पाण्यात थोडासा असलेला पारा माशांत इतका कसा वाढतो?

मिथाइल पारा शरीरातून फार सावकाश बाहेर पडतो. सूक्ष्म वनस्पतींकडून सूक्ष्म प्राण्यांकडे, त्यांच्याकडून लहान माशांकडे आणि शेवटी मोठ्या शिकारी माशांकडे जाताना प्रत्येक पायरीवर त्याचे प्रमाण वाढते. जपानमधील मिनामाता इथे १९५६ मध्ये उघडकीस आलेल्या भयंकर विषबाधेमागे हीच साखळी होती, फक्त तिथे मिथाइल पारा कारखान्यातून थेट समुद्रात सोडला जात होता.

या साखळीचा धडा क्लिअर लेकने पाऱ्याआधी दुसऱ्या एका विषाच्या संदर्भात जगाला दिला होता. सरोवरावर न चावणाऱ्या पण त्रासदायक चिलटांचे थवे उठत, म्हणून १९४९, १९५४ आणि १९५७ मध्ये डीडीटीच्या कुळातले डीडीडी हे कीटकनाशक पाण्यात टाकण्यात आले. पाण्यातले प्रमाण दहा लाख भागांत ०.०२ भाग इतके नगण्य होते. पण ग्रीब या पाणपक्ष्यांच्या चरबीत तेच दहा लाख भागांत १,६०० भाग सापडले. हजाराहून अधिक जोड्यांची वस्ती तीसेक जोड्यांवर आली आणि त्यांचीही पिल्ले होईनात.

पाऱ्याच्या बाबतीत एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. तळात एवढा पारा असूनही माशांमधले प्रमाण त्या मानाने भीती वाटावी इतके वाढलेले नाही, कारण बराचसा पारा हिंगूळासारख्या न विरघळणाऱ्या रूपात अडकून आहे. तरीही मोठ्या शिकारी माशांत ते आरोग्याच्या दृष्टीने दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

तिथे गेलो तर मासे खावेत का? पाण्यात उतरावे का?

मासे खाण्याविषयी कॅलिफोर्निया राज्याने या सरोवरासाठी जातीनिहाय मार्गदर्शन प्रसिद्ध केले आहे. मासा पकडण्यापूर्वी ते वाचावे. बाससारख्या मोठ्या, शिकारी माशांत पारा जास्त असतो. गर्भवती स्त्रिया, गर्भधारणेच्या वयातल्या स्त्रिया आणि लहान मुले यांनी अधिक काळजी घ्यावी, कारण विकसित होणाऱ्या मेंदूवर मिथाइल पाऱ्याचा परिणाम सर्वांत जास्त होतो. मासा चांगला शिजवला, कालवणात मुरवला किंवा चरबी काढून टाकली तरी पारा जात नाही. तो मांसातच असतो.

पोहण्याने पारा अंगात जाण्याची चिंता नसते. पाण्याला हिरवा रंग आणि वर साय असेल तेव्हा मात्र उतरू नये आणि लहान मुलांना, कुत्र्यांना ते पाणी पिऊ देऊ नये. त्याचे कारण पुढच्या उत्तरात आहे.

सरोवर हिरवे का दिसते? तोही खाणीचाच परिणाम आहे का?

हा प्रश्न बव्हंशी वेगळा आहे. उथळ, उबदार आणि ज्वालामुखी मातीच्या खोऱ्यातले हे सरोवर मुळातच पोषक द्रव्यांनी समृद्ध आहे. पण शेतीसाठी काठच्या पाणथळ जागा बांध घालून कोरड्या केल्या गेल्या, रस्ते व खोदकामांमुळे माती वाहून येऊ लागली, तिच्याबरोबर फॉस्फरस आला, आणि उन्हाळ्यात निळ्या-हिरव्या शेवाळाचे थर माजू लागले. यांतल्या काही जाती यकृताला किंवा मज्जासंस्थेला बाधा आणणारी विषे तयार करतात. शेवाळ मेल्यावर तळाशी कुजते, प्राणवायू संपतो, आणि पाऱ्याचे रूप बदलणाऱ्या जिवाणूंना अनुकूल स्थिती मिळते. दोन प्रश्नांची गाठ तिथे पडते.

खाणीच्या अगदी शेजारी कोण राहतात?

एलेम ही पोमो आदिवासींची वसाहत खाणीला लागून आहे. या खोऱ्यात माणसाची वस्ती दहा हजारांहून अधिक वर्षांची आहे. सरोवरातले मासे, काठचे लव्हाळे, कोनोक्टीची काळी काचेसारखी ज्वालामुखी दगडाची पाती यांवर त्यांचे जीवन उभे राहिले. ‘ची’ या नावाने ते ओळखतात तो स्थानिक मासा ओढ्यांमध्ये चढून अंडी घालतो आणि २०१४ पासून राज्याच्या कायद्यानुसार संकटग्रस्त गणला जातो. १९७० च्या दशकात वसाहतीत घरे आणि रस्ते बांधताना खाणीतलाच टाकाऊ दगड भरावासाठी वापरला गेला. दूषित माती काढण्याचे मोठे काम २००६ मध्ये झाले. ज्यांनी खाणीतून काही मिळवले नाही त्यांच्या अंगणात आणि ताटात तिचा अवशेष आला, हे मला या संपूर्ण प्रकरणातले सर्वांत दुःखद वाटते. माशांविषयीची सूचना पर्यटकाला एका सुट्टीची अडचण वाटेल. त्यांच्या दृष्टीने ती पूर्वापार अन्नावरची बंदी आहे.

इतकी वर्षे झाली, स्वच्छता पूर्ण का होत नाही?

१९९० मध्ये ही जागा अमेरिकेच्या ‘सुपरफंड’ यादीत, म्हणजे सर्वाधिक दूषित स्थळांच्या राष्ट्रीय यादीत आली. सुरुवातीला काठावरच्या ढिगांचा उतार कमी करून पायथ्याला मोठे दगड लावण्यात आले, त्यामुळे लाटांनी माल पाण्यात पडणे बरेच थांबले. पुढचे काम अवघड आहे, आणि त्याचे कारण भूशास्त्रीय आहे. खड्डा बुजवायचा तर खालून गरम पाणी आणि वायू येतच राहणार. पाणी उपसायचे तर ते कायम उपसावे लागेल आणि आम्ल निष्प्रभ करून मिळणारा गाळ कुठे तरी ठेवावा लागेल. ढीग मातीने झाकले तर पावसाचे पाणी अडते, पण खड्ड्याच्या बाजूने येणारा पाझर चालूच राहतो. सरोवराच्या तळातला गाळ उपसला तर शांत बसलेला पारा ढवळला जातो. कोणत्याही एका उपायाने हे प्रकरण मिटणार नाही, म्हणून काम टप्प्याटप्प्याने चालले आहे.

इंदूरजवळच्या तलावांत किंवा जुन्या खदानींत असे होऊ शकते का?

पाऱ्याचे नाही. मालवा पठाराचा बसाल्ट हा भेगांतून शांतपणे पसरलेल्या लाव्ह्याचा आहे. त्यात हिंगुळाचे साठे नाहीत. गिट्टीसाठी खणलेल्या आणि पावसाळ्यात भरणाऱ्या खदानींचे पाणी आम्लही होत नाही, कारण या बसाल्टमध्ये गंधकयुक्त खनिजे फारच कमी आहेत, आणि पोकळ्यांतली कॅल्साइट व झिओलाइट ही खनिजे आम्ल टिकू देत नाहीत. आपल्या खदानींतला खरा धोका उभे कठडे, अंदाज न येणारी खोली आणि आत ओतलेला कचरा हा आहे. दर पावसाळ्यात त्यांत पोहायला उतरलेल्या मुलांच्या बातम्या येतात, त्या टाळता येण्यासारख्या असतात.

सिरपूर आणि यशवंत सागर हे २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय ‘रामसर’ यादीत आलेले दोन्ही जलाशय माणसाने बांधलेले आहेत. तिथे क्लिअर लेकच्या कहाणीतला शेवाळाचा अर्धा भाग लागू पडतो : सांडपाण्यातला फॉस्फरस, जलपर्णी, उन्हाळ्यात खाली जाणारा प्राणवायू आणि बुजत चाललेल्या कडेच्या पाणथळ जागा. खदानीच्या किंवा तलावाच्या पाण्याची तपासणी करवून घ्यायची असेल तर प्रयोगशाळेला नुसते ‘पाणी तपासा’ असे सांगू नये. सामू, विद्युतवाहकता, सल्फेट, नायट्रेट, फॉस्फेट, विरघळलेला प्राणवायू आणि मलजन्य जिवाणू एवढ्या चाचण्या लेखी मागाव्यात. जिवाणूंसाठीचा नमुना प्रयोगशाळेने दिलेल्या निर्जंतुक बाटलीतच, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा. विरघळलेला प्राणवायू काठावर, भल्या पहाटे मोजावा, कारण दुपारी शेवाळ प्राणवायू सोडत असते आणि पाणी प्रत्यक्षाहून निरोगी भासते. नमुना घेण्याची जागा, खोली, तारीख आणि आदल्या दिवशी पाऊस झाला होता का, याची नोंद बाटलीवर करावी. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर, त्याच जागी असे दोन नमुने घेतले, तर तीन-चार वर्षांत त्या जलाशयात नेमके काय बदलते आहे हे आकड्यांत दिसू लागते.